नॉर्मनांच्या आधीचे पाहुणे

इंग्रजीतली शब्दांची उसनवारी १०६६ नंतर, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर, त्यांच्या फ्रेंचपासून सुरू झाली, असं समजलं जातं. पण त्याआधीच व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, तिथे ठाण मांडून बसले होते! 'स्काय', 'नाइफ', 'एग' हे शब्द त्यांच्या नॉर्स भाषेचेच. इतकंच काय, 'दे' (they, म्हणजे 'ते') हे सर्वनामसुद्धा. नामं कुणीही उचलतं हो, सर्वनाम उसनं घेणं म्हणजे घरोबाच झाला. 'एग' मात्र दक्षिणेत रुजायला बराच वेळ लागला. मुद्रक कॅक्स्टनने १४९० मध्ये एक किस्सा छापलाय. टेम्स नदीतून निघालेल्या एका व्यापाऱ्याने किनाऱ्यावर उतरून 'एग्ज' मागितली, तर घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! तिच्या बोलीत अंड्यांना 'एयरेन' म्हणत.