मदत हवी आहे: गावच्या घरात मोबाईलची रेंज कशी मिळवावी?

नमस्कार मंडळी,

आईबाबा संगमेश्वर तालुक्यात गावी असतात, मी डोंबिवलीला. घर पऱ्ह्याच्या काठाला, तिन्ही बाजूंनी डोंगर, भिंती जांभ्याच्या. रेंजच्या नावाने आधीपासूनच बोंब होती. त्यात माकडांनी कौलं फोडून उच्छाद मांडला म्हणून वरून पत्रे चढवले, आणि तेव्हापासून माजघरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ झालंय.

सध्या आईचा फोन पडवीच्या खिडकीत, गजाला बांधलेल्या पिशवीत असतो. वाजला की ती चुलीपासून धावत येते आणि स्पीकर लावून तिथेच उभ्याने बोलते. पिशवीतून काढून कानाला लावला की कॉल तुटतो. बँकेचा ओटीपी हमखास मुदत संपल्यावर येतो. बाबांकडे दुसऱ्या कंपनीच्या सिमचा कीपॅड फोन आहे, तो अंगणात चालतो, घरात नाही. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे रात्री-अपरात्री फोन लागायलाच हवा.

गणपतीत गेलो तेव्हा आईच्या फोनवर सिग्नलच्या ताकदीचे आकडे बघून ठेवले (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली). माजघरात -१२०, पडवीच्या खिडकीत -११२, अंगणात -१०८ आणि घरापासून चाळीसेक मीटरवर गोठ्यामागच्या कातळावर -९७ डीबीएम. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर गेलं की सगळ्या दांड्या भरतात.

ऑनलाइन पाच-सहा हजारांत 'सिग्नल बूस्टर' दिसतात. कोणी वापरलाय का? आणि कृपया 'सिम बदलून बघा' सांगू नका. वाडीत सगळ्या कंपन्यांची सिमं आहेत आणि सगळेच संध्याकाळी सड्यावर असतात. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे, पुढे खांब नाहीत.

तारमास्तर:
बूस्टर घेऊ नका. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यातही परवान्याशिवाय असं यंत्र बाळगता येत नव्हतं आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही येत नाही. ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं असं नाही. असा सिग्नल वाढवणारा रिपीटर फक्त मोबाईल कंपनीच बसवू शकते. हे स्वस्त डबे सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतात आणि टॉवरकडे जाणारी वाट बुजवतात, म्हणजे तुमच्यासकट आख्ख्या वाडीचे कॉल बिघडणार.

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. खिडकी आणि कातळ यांत १५ डीबीचा फरक, म्हणजे कातळावर जवळपास तीसपट ताकद मिळतेय. तिथे पाईप उभा करून बाहेर बसवायचा ४जी राउटर (सिमवरून इंटरनेट घेणारा डबा) लावा. त्यात सिम, आणि तिथून घरात साधी इथरनेट केबल; वीजही त्याच केबलमधून वर जाते. इथरनेट १०० मीटरपर्यंत चालते, तुमचे चाळीसच आहेत. घरात वायफाय घ्या आणि आईच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे नेहमीचा कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जाईल.

पोफळी:
राउटर घरात आणि फक्त अँटेना बाहेर, असं केलं तर? ते स्वस्तात बसेल.

तारमास्तर:
चाळीस मीटरला नाही. अँटेनाची साधी आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झच्या बँडवर दहा मीटरमागे सात-आठ डीबी खाते. दर तीन डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे अँटेनाने कमावलेलं केबलच गिळणार. अँटेना छपरावर आणि राउटर लगेच खाली असेल तरच तो खटाटोप करावा.

सड्यावरचा:
आमच्याकडे (राजापूर) वर्षभर असंच चाललंय, वायफायवर ओटीपीही येतात. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. घरात एखादी दांडी जरी असली तरी फोन तिलाच चिकटून बसतो आणि वायफायवर जात नाही. सेटिंगमध्ये कॉलसाठी वायफायला प्राधान्य द्यायचा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर विमान मोड लावून वायफाय परत चालू करा. आमच्या आजीला हेच शिकवलंय, छान जमतं.

राउटरला छोटा यूपीएस हवाच, लाईटचं काय ते तुम्हाला माहीत आहे.

मुलुंडकर:
पावसाळ्यात हे सगळं बंद पडेल. पाऊस रेंज अडवतो.

तारमास्तर:
डिश टीव्हीचा सिग्नल अडवतो, मोबाईलच्या ९०० ते २३०० च्या बँडना पावसाचा फारसा फरक पडत नाही. ओली झाडी मात्र अडवते, म्हणून पाईप फांद्यांच्या वर काढा. आणि पावसात रेंज जाते ती बहुतेक वेळा टॉवरची लाईट जाऊन बॅटरी संपल्यामुळे.

बाबांच्या कीपॅड फोनला यातलं काही लागू नाही, वायफाय कॉलिंगला तसा हँडसेटच लागतो. त्यांना साधा स्मार्टफोन द्या. तोपर्यंत एवढं सांगून ठेवा: आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कंपनीची पोचत असेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर लागतो. स्क्रीनवर 'इमर्जन्सी' दिसत असताना फोन बंद आहे असं समजू नये.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. बूस्टर बाद. बाबा स्मार्टफोनला तयार होणं हा वेगळा धागा होईल. शंका फक्त विजेची. ऑक्टोबरात आमच्याकडे गडगडाट भयंकर असतो आणि कातळ उघडा आहे. राउटर शेजारच्या माडाला बांधला तर पाईपचा खर्च वाचेल का?

सड्यावरचा:
माडाला अजिबात नको. वीज आधी माडच शोधते, शिवाय वाऱ्यात हलून राउटरची दिशा बदलत राहील. लोखंडी पाईप घ्या आणि त्याला वेगळं अर्थिंग द्या. कातळात खड्डा जमणार नाही, तेव्हा तांब्याची तार खाली मातीपर्यंत आणा. घरात केबल शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर लावा. आणि ढग वाजायला लागले की सरळ प्लग काढायचा आणि ती केबलही उपसून ठेवायची, आम्ही तेच करतो.

धागाकर्ता:
ठीक, पाईपच. देवरुख-साखरपा भागात कातळात पाईप रोवून अर्थिंगसकट काम करून देणारा कोणी सीसीटीव्हीवाला किंवा डिशवाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवाळीत चार दिवस गावी आहे, तेव्हाच उरकायचं आहे.