मदत हवी आहे: हूक लावूनही माणूस जमिनीवर आदळला, कमी उंचीवर काय वापरायचं?

नमस्कार. मी बांधकामावर सुपरवायझर आहे. मागच्या आठवड्यात स्लॅबच्या कडेला सेंट्रिंगच्या प्लेटा (काँक्रीट ओतायचा साचा) काढताना आमचा एक सुतार साडेतीन मीटरवरून पडला. हार्नेस (सेफ्टी बेल्ट) अंगावर होता, त्याच्या दोरीचा हूक लावलेला होता, तरी दोन्ही टाचांवर आदळला.

पडल्यावर तो उठायला बघत होता. दोघांनी बगलेत हात घालून त्याला फळीवर बसवलं. मी पोचेपर्यंत हे होऊन गेलं होतं, आणि तेच अजून टोचतंय. दवाखान्यात टाचेचं हाड मोडलेलं दिसताच डॉक्टरांनी विचारलं, कितीवरून पडला? लगेच पाठीचाही एक्स-रे काढायला लावला. कमरेचा पहिला मणका दबलाय. टाचांवर पडलं की धक्का वर मणक्यापर्यंत जातो म्हणे. पायाची बोटं हलतायत, तेवढा धीर आहे. पडलेल्याला उठवायचं नाही, डोकं-मान धरून आहे तसाच ठेवायचा, हे आता सगळ्यांना बजावलंय.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बसलो. हूक पायाशी पाइपाला होता. दोरी १.८ मीटर. पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. म्हणजे दोरी ताणली गेली तेव्हाच त्याच्या टाचा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होत्या! दोरीतल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला (शिवण उसवत झटका सोसणारं पाकीट) उघडायला मीटरभर तरी जागा लागते, ती मिळालीच नाही. पाकिटाची शिवण थोडीशीच उसवलीय. इतकी वर्षं मी 'बेल्ट घातला का, हूक लावला का' एवढंच विचारत आलो, खाली जागा किती आहे हे कधी मोजलं नाही.

कमी उंचीवर काम करणाऱ्यांनी कृपया सांगा. कडेपर्यंत पोचताच येणार नाही अशी आखूड दोरी बांधली, तर प्लेटा काढणाऱ्याला काम करता येतं का? डोक्यावर आडवी लाइफलाइन (हूक अडकवायची ताणलेली दोरी) ओढावी म्हटलं, तर तीही झोळ खाते. तो झोळ हिशेबात कसा धरता? रिट्रॅक्टेबल ब्लॉक (दोरी आपोआप गुंडाळणारी, पडताच अडवणारी पेटी) डोक्यावर टांगायचा, तर वरचा स्लॅब नसताना अडकवायचा कशाला? रेलिंग मला सगळ्यात बरं वाटतं, पण प्लेटा निघताना तेच आधी काढावं लागतं.

आणि दोरीने धरलंच, तर लटकलेल्या माणसाला तुम्ही कसं उतरवता? पट्टे मांड्यांत रुततात, पाय लोंबकळत राहिले की रक्त खालीच साचतं, शुद्ध हरपू शकते. आमच्याकडे त्यासाठी आज फक्त एक शिडी आहे.

सोमवारी पुढच्या स्लॅबच्या प्लेटा काढायच्यायत. तोवर ते काम मी थांबवून ठेवलंय.