ट्रेकची सॅक आणि पुराची बॅग: एकच की दोन?

प्रश्न: पन्हाळा-पावनखिंडीसाठी सॅक भरलेलीच असते. घर पंचगंगेच्या पूररेषेत आहे. तीच सॅक पुरालाही चालेल का?

गडवाट: नको, वेगळी भरा. ट्रेकहून आल्यावर टॉर्च ओली, ओआरएस संपलेलं. आणि ट्रेक अन् पूर दोन्ही जुलै-ऑगस्टचेच. पुराच्या टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा. आत राहिले तर पाझरतात, पट्ट्या गंजतात आणि ऐन वेळी टॉर्च पेटत नाही. पॉवरबँक दर ३ महिन्यांनी चार्ज करा. कागदपत्रं झिपच्या दोन पिशव्यांत, एकात एक. रोजची औषधं ७ दिवसांची. रोख सुटे पैसेही हवेत, नेट गेलं की यूपीआय बंद.

नदीकाठ: बॅग माळ्यावर नको, दाराजवळ उंच खुंटीला. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. घरात म्हातारी माणसं असतील तर ३९ लाच निघा, कृपा करून थांबू नका.

प्रश्नकर्ता: रेनकोट, दोरी तरी एकच?

गडवाट: रेनकोट चालेल. दोरी नाही. चिखल मुरलेली दोरी आतून झिजते, वरून कळतही नाही.