दिवाळीला क्लायंटला बुके पाठवून खरंच काही होतं का?

लेथवाला_भोसरी: मंडळी, सल्ला हवाय. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंगचं युनिट आहे. दरवर्षी दिवाळीला ड्रायफ्रूटचे डबे पाठवतो, यंदा मुलगी म्हणते पप्पा डबे सगळेच देतात, आपण फुलं पाठवू, लक्षात राहील. ४५ ठिकाणं, साडेसातशेचा एक बुके, म्हणजे ३३,७५० रुपये. मला पटत नाहीये. डबा निदान घरी जातो, पोरंबाळं खातात, आपलं नाव निघतं. जरबेरा दुसऱ्या दिवशी मान टाकतो. फुलांनी कुणाची ऑर्डर वाढलीय का, खरं सांगा.

पर्चेसवाली: काका मी टेबलाच्या पलीकडची, चाकणला. आमच्याकडे दिवाळीच्या आधी एचआरचा मेल येतो, व्हेंडरकडून काहीही घ्यायचं नाही, डबे गेटवरूनच परत जातात. फुलं तेवढी आत येतात, कारण त्यांना लाच म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. त्यामुळे मुलगी बरोबर आहे. पण दिवाळीत नका हो पाठवू!! रिसेप्शनवर एवढे बुके ओळीने ठेवलेले असतात की कार्डं कुणी वाचत नाही, मग सुट्टी, आणि परत येऊन बघावं तर हिरवा फोम सडलेला आणि त्याचा तो घाण वास.

थकीत_बिल: सॉरी पण मला या सगळ्या प्रकाराची चीड येते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने आम्हा सप्लायरांचा मेळावा घेतला, स्टेजवर बोलावून बुके, फोटो, 'आपण एक कुटुंब आहोत' वगैरे, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे माझं बिल ११० दिवस अडकलेलं. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. तो बुके मी रिक्षात विसरलो, मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही. नातं टिकतं ते वेळेवर माल आणि वेळेवर पैसे याच्यावर.

मळेकरी_मावळ: दादा राग बरोबर आहे पण तो फुलावर काढू नका. पवन मावळात आमचं पॉलीहाऊस आहे, डच गुलाब. लोकांना वाटतं आमचं वर्ष व्हॅलेंटाइनवर चालतं, पण तो माल तर जानेवारी अखेरपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जातो आणि संपतं. बाकीचे महिने २० फुलांची गड्डी कुठे जाते? लग्नं, सभा-समारंभ, आणि हीच तुमची ऑफिसं. त्यात आता हॉलच्या डेकोरेशनला प्लास्टिकची फुलं घुसलीत. २०१७ ला गृहखात्याने राज्यांना कळवलं होतं की पंतप्रधान दौऱ्यावर आले की बुके देऊ नका, द्यायचंच तर एक फूल आणि सोबत खादीचा रुमाल किंवा पुस्तक. ऐकायला छान आहे, पण 'बुके नको बुक द्या' म्हणणाऱ्यांनी एकदा मार्केट यार्डात पहाटे येऊन बघावं पडलेल्या भावात फुलं कशी जातात.

थकीत_बिल: म्हणजे शेतकऱ्यासाठी बुके घ्यायचा? मग थेट तुमच्याकडून घेऊ ना, साडेसातशेतले तुम्हाला किती मिळतात ते सांगा आधी.

मळेकरी_मावळ: 😄 ते विचारू नका. सेलोफेन आणि रिबीनवाला आमच्यापेक्षा सुखी आहे.

टोकियो_रिटर्न: मी सहा वर्षं टोकियोत होते. तिथे कंपनी कंपनीला फुलं देते आणि त्यात कुणाला नाटक वाटत नाही, पण कधी ते ठरलेलं. नवीन ऑफिस उघडलं, कुणी संचालक झालं, की कोचोरान, म्हणजे आपण ज्याला फॅलेनॉप्सिस ऑर्किड म्हणतो ते, कुंडीत, तीन लांब दांडे, आणि देणाऱ्याच्या नावाची पाटी टोचलेली. आठवडे टिकतं. आणि तीच कुंडी आजारी माणसाला न्यायची नाही, मुळं धरलेलं झाड म्हणजे आजार मुळं धरेल असं मानतात. पुण्यात परत आल्यावर आमच्या ॲडमिनने जपानी पाहुण्यांसाठी पांढऱ्या शेवंतीचा बुके मागवला. ती तिकडे अंत्यविधीची फुलं! पाहुणे हसून थँक्यू म्हणाले, मला जमीन दुभंगावी असं झालं.

पर्चेसवाली: म्हणजे पांढरं अजिबात नको?

टोकियो_रिटर्न: पांढऱ्याचं नाही गं, शेवंतीचं. कोचोरान पांढरंच असतं बहुतेक. जर्मन, फ्रेंच लोकांनाही शेवंती देऊ नका, तिकडे ती कबरीवर वाहतात.

कोपऱ्यातला_सीए: रुक्ष माणसाचं ऐका थोडं. ताज्या फुलांवर जीएसटी शून्य. डब्यांवर जो भरता त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपण भरायच्या करातून वजा होत नाही, भेट दिलेल्या मालाचं जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये अडतं. त्या बाजूने फुलं सुटसुटीत. पण फुलवाला छापील बिल देत नाही, आणि मार्चमध्ये माझ्यासमोर येतं ते 'फुले रु. ३३,७५०' लिहिलेलं पिवळं चिटोरं. बिल देणारा बघा.

थकीत_बिल: मी अजूनही म्हणतो, त्या पैशात सप्लाय केलेल्या पार्टचं पॅकिंग सुधारा, गंज लागून लॉट रिजेक्ट होणार नाही. क्लायंट ते जास्त लक्षात ठेवेल.

लेथवाला_भोसरी: वाचलं सगळं. पॅकिंगचं म्हणणं लागलं मनाला, गंज रोखणाऱ्या व्हीसीआय पिशव्या सांगितल्यात आजच. बुकेचं दिवाळीचं कॅन्सल, मुलगी रुसलीय. पण एका क्लायंटकडचे क्वालिटीचे साहेब ३१ तारखेला रिटायर होतायत. २००९ मध्ये माझा पहिला लॉट त्यांनी तीनदा परत पाठवला होता, चौथ्यांदा स्वतः शॉपवर येऊन गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, कसा धरायचा ते दाखवलं. त्यांना निशिगंध पाठवतो, त्यांच्या टेबलावर कायम असायचा.

थकीत_बिल: रिटायर होणारा माणूस तुम्हाला ऑर्डर देणार नाही. हे कॉर्पोरेट गिफ्टमध्ये बसतच नाही, माझा विरोध मागे.

पर्चेसवाली: काका, निरोप समारंभ किती वाजता आहे? निशिगंध संध्याकाळी जास्त दरवळतो, सकाळी गेटवर देऊन ठेवू नका, उन्हात तापेल.