शेजारची माती सारखीच निघते, मग सरासरी आणि एसडीचं काय करायचं?

वावर_ते_वायव्हा: एमएस्सीच्या प्रोजेक्टला शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीतून मातीचे १०० नमुने काढलेत. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप) मोजली, एक्सेलमध्ये सरासरी, एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत), स्टँडर्ड एरर (सरासरी साधारण किती चुकू शकते) काढला. एरर एकदम बारीक आला, मी खूश. सरांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, आधी मोरान्स आय काढ, म्हणजे शेजारशेजारचे नमुने किती सारखे ते सांगणारा आकडा. तो चांगलाच धन (शून्याच्या वर) आलाय, म्हणजे शेजारची माती सारखीच. पण सरासरी म्हणजे बेरीज भागिले शंभर. कुठला खड्डा कुठल्या बांधाजवळ, हे त्यात येतंच कुठं? (ओळखीच्यांच्या वावरात पाच-पाच, सहा-सहा खड्डे घेतलेत, बाकीचे जमेल तिथं.)

पंचगंगाकाठ: बाळा, बेरीज तीच राहते, तिच्या जोरावर तू केलेला दावा ढासळतो. एसडी भागिले वर्गमूळ एन (नमुन्यांची संख्या), हे एररचं सूत्र प्रत्येक नमुना काहीतरी नवं सांगतो असं धरून चालतं. एका वावरातले सहा खड्डे म्हणजे एकाच घरातल्या सहा जणांना मत विचारणं.

कुठल्याही दोन नमुन्यांतला सहसंबंध नुसता ०.१ धर. खरी कामाची संख्या = एन ÷ (१ + (एन − १) × ०.१). १०० ÷ १०.९, जेमतेम ९! म्हणजे एरर तिपटीहून मोठा.

एसडीही सुटत नाही. नमुने दाटीनं घेतले की व्हेरिअन्स (एसडीचा वर्ग) सरासरी (१ − सहसंबंध) पटीतच हाती लागतो. सगळी पर्जन्यमापकं गगनबावड्यात लावली तर जिल्ह्यातल्या पावसाचा चढउतार कळेल का? तुझं शिरोळ त्यात दिसणारच नाही.

सरासरीचं दुखणं वेगळं. ओळखीची वावरं जास्त खारवट असतील तर ती तिकडं झुकणार. तालुक्यावर चौकोन पाड, प्रत्येक चौकोनाची सरासरी घे, मग त्या सरासऱ्यांची सरासरी.

आर_वाला: काका, एक दुरुस्ती. जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या आणि 'आज या तालुक्याची सरासरी किती' एवढंच विचारायचं असतं, तर ऑटोकोरिलेशन (शेजारच्या नमुन्यांतलं साम्य) कितीही असलं तरी साधा एरर चालला असता. याच्या जागा ओळखीनं ठरल्यात, म्हणून इथं तुमचंच खरं. आणि भावा, मोरान्स आय शून्याशी ताडू नकोस. संबंध नसताना त्याची अपेक्षित किंमत −१/(एन − १), तुझ्याकडं साधारण −०.०१. शेजारी कुणाला धरलंस त्यावरही तो हलतो, ते अंतर लिहून ठेव.

वावर_ते_वायव्हा: मग एसडी तक्त्यातून काढू?

पंचगंगाकाठ: कशाला? राहू दे. खाली किती क्षेत्र, खड्ड्यांत किती अंतर, ते टाक. एरर मात्र खोड. खड्डे सुटे न उचलता अख्खी वावरं उचलून बूटस्ट्रॅप कर (हातातल्या नमुन्यांतूनच पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या टाकून सरासरी किती हलते ते बघ), येईल तो एरर लिही. मोठा आला तर सरांपुढं लाजू नकोस, त्यांना तोच हवाय.