मदत हवी आहे: मे महिन्यातही ३६ अंशांवर राहणारी ब्लड कल्चरची पेटी

नमस्कार मंडळी,

मी मेळघाटात, धारणीकडे, सोलर-इन्व्हर्टरची कामं करतो. इथल्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी ब्लड कल्चरची (पेशंटचं रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते बघायची) स्वस्त पेटी बनवतोय. सध्या बाटली एसटीनं अमरावतीला जाते, दीडशेएक किलोमीटर, मधे घाट. रिपोर्ट येईस्तोवर पेशंट बरा होऊन घरी गेलेला असतो, नाहीतर नागपूरला रेफर झालेला. डॉक्टरांना जंतूचं नाव लगेच नको आहे. 'वाढ आहे' एवढं एक-दोन दिवसांत कळलं तरी पुरे. (स्क्रब टायफस या तापाचा जंतू यात दिसणार नाही, तो या बाटलीत वाढतच नाही. माहीत आहे.)

मोठ्या मशीनची युक्ती साधी आहे. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बाटलीच्या बुडाशी असलेल्या चकतीचा रंग बदलतो. मी ब्रोमोथायमॉल ब्लूचं द्रावण सिलिकॉनमध्ये घोटून तशी चकती केली, खाली एलईडी, कलर सेन्सर आणि ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर). यीस्ट-साखरेच्या पाण्यावर निळ्याचं पिवळं झकास होतं.

अडलंय ते तापमानाशी. जंतू नीट वाढायला बाटली ३६-३७ अंशांच्या आसपास राहायला हवी. नेटवर सापडली ती सगळी डिझाइनं हीटर आणि थर्मोस्टॅटची, म्हणजे खोली ३७ च्या खालीच असणार हे धरून चाललेली! इकडे मे महिन्यात दुपारी हीटर बंद असूनही पेटी ४१-४२ दाखवते. तेवढ्या उष्णतेत काही जंतूंची वाढ मंदावते आणि बाटली खोटीच निगेटिव्ह दिसते. त्यापेक्षा पेटी नसलेली बरी. पेल्टियर (विजेवर थंड होणारी चकती) लावून पाहिलं, थंड होतं, पण करंट भयंकर खातं. कूलरच्या खोलीत ठेवा म्हणाल, तर लाईन गेली की कूलरही गेला.

आता डोक्यात आहे एन-आयकोसेन नावाचं मेण. ते ३६-३७ अंशांना वितळतं. दुपारी वितळताना उष्णता पिईल, रात्री थिजताना परत देईल. किलोमागे साधारण २४० किलोज्यूल धरले तर जाड थर्माकोलच्या पेटीला किलो-दीड किलो पुरावं, निदान कागदावर तरी. कुणी वापरलंय का? पाऊचमधून गळतं का? लॅब ग्रेडचा भाव परवडणारा नाही, इंडस्ट्रियल ग्रेड कुठे मिळेल?

मायक्रोबायोलॉजीवाल्यांना वेगळा प्रश्न. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून मी रंगापेक्षा रंग बदलण्याचा वेग बघतोय. चाचणीसाठी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं रक्त घ्यायचा विचार होता, पण त्यातल्या पांढऱ्या पेशी बहुतेक मेलेल्याच असणार, मग बेसलाइन (जंतू नसतानाचं रीडिंग) फसवी येईल ना? दुसरं काय वापरता येईल? आणि अमरावती, सेवाग्राम किंवा नागपूरकडे ई. कोलाय आणि स्टॅफ या जंतूंचे एटीसीसी स्ट्रेन (चाचणीसाठीचे प्रमाणित नमुने) टाकून बघू देणारं कुणी ओळखीचं आहे का? जंतू मी घरी हाताळणार नाही. एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय पेशंटच्या रक्तालाही हात लावणार नाही, तेव्हा त्यावरून झापू नका.

सर्किट आणि यीस्टचा ग्राफ रात्री टाकतो, नेटवर्क असलं तर.