उल्केतली धूळ म्हटलं म्हणून शून्य गुण?

म्हापसेकर: परवा इथल्या शाळांच्या प्रश्नमंजूषेत विचारलं, पृथ्वीवर सापडलेली सर्वांत जुनी नैसर्गिक वस्तू कोणती? एका संघाने 'मर्चिसन उल्केतले कण' सांगितलं. शून्य गुण! परीक्षकांचं उत्तर होतं ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स टेकड्यांतला झिरकॉन या खनिजाचा स्फटिक, वय सुमारे ४४० कोटी वर्षं. माझ्या मते परीक्षक बरोबर. उल्का पडली १९६९ साली. काल आलेल्या पाहुण्याला घरातला थोरला कसा म्हणायचा?

कुशावती: पाहुणा कधी आला आणि त्याचं वय किती, यांचा काय संबंध, बाब? ती उल्का व्हिक्टोरिया राज्यातल्या मर्चिसन गावापाशी पडली, शंभर किलोंहून जास्त तुकडे मिळाले. २०२० मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या फिलिप हेक यांच्या गटाने त्यातल्या सिलिकॉन कार्बाइडच्या कणांची वयं जाहीर केली. बरेचसे ४६० ते ४९० कोटी वर्षांचे, पण काही ५५० कोटींच्याही पलीकडचे. आपला सूर्यच मुळी ४६० कोटींचा. तुकडा कुटून पूड करतात (कुजलेल्या पीनट बटरसारखा वास येतो म्हणे) आणि ती आम्लात टाकतात. बाकी सगळं विरघळतं, हे कण तेवढे उरतात. हे कण अवकाशात उघडे फिरत असताना विश्वकिरण आदळून त्यांच्यात निऑन-२१ (निऑन वायूचा एक प्रकार) तयार झालेला असतो. तो जितका जास्त, तितका कण जुना.

फोंडेकर: तिथेच तर गोम आहे. किरणांचा मारा तेव्हा किती होता हे गृहीत धरावं लागतं, त्यामुळे वयात कोट्यवधी वर्षं इकडची तिकडे होतात. झिरकॉनमध्ये युरेनियमचं शिसं होतं, त्याचा वेग पक्का ठाऊक आहे. फरक पडला तर ८० लाख वर्षांचा. मुलांना पक्कं तेच शिकवावं.

कुशावती: आकडा सैल असेल, क्रम सैल नाही. या कणांतल्या कार्बन-सिलिकॉनच्या समस्थानिकांचं प्रमाण सूर्यमालेतल्या कशाशीच जुळत नाही. म्हणजे ते दुसऱ्या ताऱ्यांभोवती बनले, सूर्याच्या आधी. त्यासाठी निऑन मोजायचीही गरज नाही.

डिचोलीकर: मग माझ्या विहिरीचं पाणी पहिलं! त्यातला हायड्रोजन महास्फोटातला, १३८० कोटी वर्षांचा 😄

कुशावती: अणू जुना, पाणी नाही. कण मात्र घट्ट झाला तेव्हापासून तसाच आहे.

सांगेकर: म्हापसेकरबाब, तुमचा पाहुणा तुमच्यावरच उलटतोय. जॅक हिल्सचा झिरकॉन ज्या खडकात सापडला तो ३०० कोटींच्या आसपासचा. मूळ खडक झिजून गेला, स्फटिक वाहत येऊन तिथल्या गाळात बसला. तोही उपराच! जाग्यावरचा म्हणायचा तर कॅनडातला अकास्टा नीस (नीस म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेला पट्टेदार खडक), ४०० कोटींचा. आणि तितक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या गोव्याच्या सीमेवरच्या अनमोड घाटातला नीस रुबिडियम-स्ट्राँशियम या वय मोजायच्या पद्धतीने सुमारे ३४० कोटींचा निघालाय. मोलेहून वर चढताना गाड्या त्याच्या अंगावरून जातात, नि आमच्या पोरांना जॅक हिल्स पाठ. एकाही प्रश्नमंजूषेत त्याचं नाव मी ऐकलेलं नाही. खनिजाच्या खाणींवर मात्र दरवर्षी दोन प्रश्न ठरलेले.

म्हापसेकर: नीस स्वतंत्र प्रश्न म्हणून मान्य. पण झिरकॉन उपरा असला तरी पृथ्वीवरच जन्मलेला आहे, तुमचे कण नाहीत. 'पृथ्वीची' आणि 'पृथ्वीवर आलेली' यांत मी फरक करणारच.

फोंडेकर: +१

कुशावती: करा की. पण तो फरक प्रश्नात लिहिलेला नव्हता, 'सापडलेली' एवढंच होतं. मुलांनी विचारलेल्याचंच उत्तर दिलं. तो संघ किती गुणांनी हरला?

म्हापसेकर: दोन.

सांगेकर: आणि तो प्रश्न किती गुणांचा होता?

म्हापसेकर: पाच.

सांगेकर: मग आयोजकांना पत्र गेलंच पाहिजे. कुशावतीबाय, मसुदा करा, खाली पहिली सही माझी.